तीन अक्षरांची धावपळ

शब्दकोशात सर्वांत जास्त जागा कोण अडवतं, असं विचारलं तर बहुतेक जण एखाद्या लांबलचक, अवघड शब्दाकडे बोट दाखवतील. प्रत्यक्षात उलटं असतं. ‘फोटोसिंथेसिस’ला एकच अर्थ, दोनचार ओळींत त्याची नोंद आटोपते. पानंच्या पानं खातात ते पहिलीच्या वर्गात शिकवले जाणारे शब्द: गो, टेक, पुट, मेक, सेट. या जागाखाऊ शब्दांत सर्वांत लांब मजल मारली आहे ती ‘रन’ने.

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली, तेव्हा पहिला मान ‘सेट’ या क्रियापदाचा होता. त्याच्या चारशे तीसहून अधिक अर्थछटा नोंदल्या होत्या आणि ती एकटी नोंद सुमारे साठ हजार शब्दांची, म्हणजे एका कादंबरीएवढी होती. पुढे संपूर्ण कोशाची नव्यानं तपासणी सुरू झाली. ‘रन’ची पाळी आली तेव्हा ते काम पीटर गिलिव्हर या कोशकारानं हाती घेतलं. तीन अक्षरांच्या त्या शब्दापायी त्याचे नऊ महिने गेले. २०११ साली हिशेब जाहीर झाला: क्रियापद म्हणून ‘रन’चे ६४५ अर्थ. नाम म्हणून जे आहेत ते वेगळेच.

हा आकडा ऐकून दबकून जायचं कारण नाही. अर्थ मोजणं हे गहू मोजण्यासारखं काम नाही. एक अर्थ कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, ते कोशकार ठरवतो. नळ ‘रन’ होतो आणि नदी ‘रन’ होते, हा एक अर्थ की दोन? खिशात मावणारा कोश दोन्हींना एकाच ओळीत बसवेल. ऑक्सफर्डचा कोश प्रत्येक वापर पहिल्यांदा कधी, कुठे, कोणत्या संदर्भात दिसला ते शोधून त्यांना वेगळं करील. तेव्हा ६४५ ही संख्या शब्दाबद्दल जेवढं सांगते, तेवढंच कोशकाराच्या चाळणीबद्दलही सांगते. पण चाळणी कितीही जाड घेतली तरी ‘रन’ पहिल्या दोनचार शब्दांत राहतोच. तो एवढा का वाढला, हा या प्रकरणाचा विषय.

धावणं आणि धाववणं

‘रन’ फार जुना आहे. जुन्या इंग्रजीत त्याची दोन रूपं सापडतात, ‘रिनन’ आणि ‘इर्नन’. त्यांचा अर्थ धावणं असाही होता आणि वाहणं असाही. इंग्रजीची चुलतबहीण असलेल्या जर्मनमध्ये हे दोन अर्थ आज दोन क्रियापदांत वाटलेले आहेत: ‘रेनेन’ म्हणजे धावणं, ‘रिनेन’ म्हणजे ओघळणं. त्याच कुळातलं ‘गेरिनेन’ म्हणजे साकळणं, दुधाचे कण धावून एकमेकांना मिळणं. चीज करताना दूध साकळवण्यासाठी जे ‘रेनेट’ घालतात, त्याचं नावही याच कुळातलं मानलं जातं. म्हणजे नदीचं पाणी ‘रन’ होतं, तेव्हा कुणी कवी पाण्याला पाय फोडत नसतो. वाहण्याचा अर्थ शब्दात आधीपासूनच होता.

जुन्या इंग्रजीत आणखी एक सोय होती. स्वतः धावायला एक क्रियापद आणि दुसऱ्याला धावायला लावायला त्याचंच थोडं बदललेलं रूप. मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. आपण एक ‘व’ घालून हे काम रोज करतो: बसणे-बसवणे, चालणे-चालवणे, पळणे-पळवणे. इंग्रजीतही अशा जोड्या होत्या आणि काही अजून टिकून आहेत. ‘सिट’ म्हणजे बसणं आणि ‘सेट’ म्हणजे बसवणं, ही त्यातली एक. कोशातल्या पूर्वीच्या विजेत्याची कुळकथा ही अशी आहे.

‘रन’च्या बाबतीत मात्र ही जोडी काळाच्या ओघात एकमेकीत मिसळली. धावणाराही ‘रन’ आणि धावायला लावणाराही ‘रन’. घोडा ‘रन’ करतो, मालकही घोडा ‘रन’ करतो. दुकान ‘रन’ होतं, दुकानदारही दुकान ‘रन’ करतो. मधली भिंत पडली, एका घरात दोन बिऱ्हाडं आली आणि अर्थांची संख्या भराभर वाढली. ६४५ मधले कितीतरी अर्थ या एका पडझडीतून निघालेले आहेत.

दुसरं कारण म्हणजे शेपट्या. इंग्रजी आपल्या लहान क्रियापदांना अप, डाउन, इन, आउट, ओव्हर, थ्रू अशा शेपट्या जोडते आणि प्रत्येक शेपटीगणिक अर्थ नवा होतो. रस्त्यात जुना मित्र भेटला तर ‘रन इनटू’, आणि गाडी भिंतीवर आदळली तरी ‘रन इनटू’. गाडीखाली कुणी सापडलं तर ‘रन ओव्हर’, आणि भाषणावरून घाईघाईत नजर फिरवली तरी ‘रन ओव्हर’. बॅटरी उतरली, तब्येत खालावली, कुणाची निंदा केली: तिन्हींना ‘रन डाउन’. उधारी चढवली, झेंडा चढवला, मशीनवर झटपट फ्रॉक शिवला: तिन्हींना ‘रन अप’. साखर संपली तरी ‘रन आउट’, फलंदाज अर्ध्या वाटेत सापडला तरी ‘रन आउट’.

सॅम्युअल जॉन्सननं १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत अशा क्रियापदांबद्दल त्यानं हात टेकले आहेत. त्यांचा वापर इतका सैल आणि अर्थ इतके निसटते, की त्यांची वाट शोधून काढणं अवघड आहे, असा त्याचा सूर आहे. त्या वेळी त्यानं जी यादी दिली, तीत ‘रन’ आहेच.

पण व्याकरणानं फक्त दार उघडलं. आत कोण कोण आलं, ते इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कामधंद्यांनी ठरवलं. ‘रन’चे अर्थ नीट लावले तर गेल्या काही शतकांतल्या इंग्रजी जगाच्या उद्योगांची यादीच तयार होते.

बोटीवरून घोड्यावर

आधी समुद्र. शिडाचं जहाज वाऱ्याला पाठीशी घेऊन सुटलं की ते ‘रन’ करतं. वाळूत रुतलं तर ‘रन अग्राउंड’. आणि जहाजावरून माणूस पळाला तर? ब्रिटिश आरमाराच्या हजेरीपटात प्रत्येक खलाशाच्या नावापुढे त्याचं पुढे काय झालं ते एकदोन अक्षरांत लिहीत. मुदत संपून सुटला त्याची खूण वेगळी, मेला त्याची वेगळी आणि पळून गेला त्याच्या नावापुढे ‘आर’. हा ‘आर’ म्हणजे ‘रन’. लंडनच्या बंदरावर जबरदस्तीनं पकडून आणलेल्या आणि पुढच्या बंदरावर निसटलेल्या कित्येक गरिबांचा इतिहास या एका अक्षरापाशी संपतो.

समुद्रावरचा आणखी एक ‘रन’ थेट मुंबईपर्यंत पोहोचला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. ती फोडून आत-बाहेर करणाऱ्या जहाजांना ‘ब्लॉकेड रनर’ म्हणत. बुटकी, करड्या रंगाची, वेगवान अशी ही वाफेची जहाजं. बरीचशी स्कॉटलंडच्या क्लाइड नदीकाठी बांधलेली. बर्म्युडा किंवा नासाउहून निघून काळोख्या रात्री विल्मिंग्टनला शिरायचं, बंदुका उतरवायच्या, कापूस भरायचा आणि परत फिरायचं, हा त्यांचा धंदा. पण असं चोरून किती नेणार? लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना बसल्या आणि इंग्लंडची नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला. रोज नव्या कंपन्या, नव्या बँका, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना आणि शेअर्सचं वेड. प्रेमचंद रायचंद हे त्या काळाचे अनभिषिक्त राजे. १८६५च्या वसंतात युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईचा फुगा फुटला. १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे या धक्क्यातून सावरली नाही; १८६८ साली ती गुंडाळावी लागली.

पुढचा मुक्काम घोड्यांच्या शर्यतीचा. अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला ‘रनिंग मेट’ म्हणतात. मुळात हा घोडा. एका तबेल्याचे दोन घोडे शर्यतीत असले की एकानं फक्त वेग धरून ठेवायचा आणि जिंकायचं दुसऱ्यानं, अशी वाटणी असे. वेग धरणारा तो ‘रनिंग मेट’. उपाध्यक्षाच्या नशिबाचं याहून नेमकं वर्णन राज्यशास्त्रात सापडणार नाही. वर्तमानपत्रांत पहिल्या तीन घोड्यांची नावं छापून झाली की उरलेल्यांची मोट ‘ऑल्सो रॅन’, म्हणजे ‘हेही धावले’, या मथळ्याखाली बांधत. आता कुठल्याही क्षेत्रात मागे राहिलेल्या माणसाला ‘ऑल्सो-रॅन’ म्हणतात.

शर्यतीची भाषा अमेरिकेच्या राजकारणानं सबंध उचलली, म्हणून तिथला उमेदवार निवडणुकीला ‘रन’ करतो. ब्रिटनमधला उमेदवार मात्र ‘स्टँड’ करतो, उभा राहतो. भाषा एक, लोकशाही दोन्हीकडे, पण एक धावतो आणि दुसरा उभा. आपला उमेदवार आधी उभा राहतो, मग रिंगणात उतरतो, निवडणूक लढवतो आणि पडतो किंवा निवडून येतो. आपल्याकडे ही शर्यत नसून कुस्ती आहे.

गिरणी, बँक आणि रंगभूमी

‘रन’ला खरी भरती आली ती यंत्रयुगात. सायमन विंचेस्टर या लेखकानं २०११ साली ‘रन’च्या विजयाबद्दल लिहिताना हाच मुद्दा मांडला: ‘सेट’ हा जागच्या जागी बसलेल्या जगाचा शब्द, ‘रन’ हा हलत्या जगाचा. वाफेचं इंजिन आलं आणि माणसाच्या किंवा जनावराच्या पायांशिवाय एखादी गोष्ट तासन्‌तास हलत राहू शकते, हे लोकांनी पाहिलं. इंजिन ‘रन’ होऊ लागलं, आगगाडी वेळापत्रकाप्रमाणे ‘रन’ होऊ लागली, गिरणी ‘रन’ होऊ लागली. एका दमात गिरणीतून जेवढा माल निघेल तोही ‘रन’. तो माल चांगला-वाईट असा निवडायच्या आधी सरसकट कसा असतो, त्याला ‘रन ऑफ द मिल’ म्हणत. आज ते शब्द सुमार, चारचौघांसारख्या गोष्टीला चिकटले आहेत. छापखान्यानं एका वेळी जेवढ्या प्रती काढल्या तो ‘प्रिंट रन’. संपादकानं बातमी छापली तरी त्यानं ती ‘रन’ केली.

इथे शब्दात एक मोठा बदल झाला. धावणारा माणूस दमतो, थांबतो. यंत्र दमत नाही. त्यामुळे ‘रन’मधला वेग हळूहळू मागे पडला आणि न थांबता चालू राहणं पुढे आलं. घड्याळाचा काटा काही घाईत नसतो, तरी घड्याळ ‘रन’ होतं. सलग तीन दिवस पाऊस पडला तर ‘थ्री डेज रनिंग’. डोंगररांग चारशे मैल ‘रन’ होते आणि जागची हलतही नाही.

मात्र ‘रन’ची एक जुनी बाजू यंत्रांनी पुसली नाही: आवरता न येण्याची. नाक ‘रन’ होतं, कापडाचा रंग ‘रन’ होतो, रेशमी मोज्याचा एक टाका सुटला की उसवत जाणारी रेघ अमेरिकेत ‘रन’. मलाय भाषेतून आलेला ‘अमोक’ हा शब्द ‘रन’ला चिकटला आणि भान हरपून दिसेल त्यावर तुटून पडणाऱ्याचं वर्णन झालं. आणि याच जातीचा, सर्वांत महाग पडणारा अर्थ म्हणजे बँकेवरचा ‘रन’.

बँक बुडणार अशी कुजबुज सुरू झाली की ठेवीदार धावत दाराशी येतात. बँकेनं पैसे कर्जाऊ दिलेले असतात, सगळ्यांचे सगळे पैसे एका दिवशी कुठलीच बँक देऊ शकत नाही, आणि म्हणून धावण्यामुळेच ती बुडते. मे १८६६ मध्ये लंडनची ओव्हरेंड, गर्नी ही पेढी कोसळली आणि शहरभर अशी धावाधाव झाली. त्यानंतर ब्रिटनमध्ये तसं दृश्य पुन्हा दिसलं ते थेट सप्टेंबर २००७ मध्ये, नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेरच्या रांगांत. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेवर जो ‘रन’ झाला, त्यात ठेवीदारांनी एका दिवसात सुमारे ४,२०० कोटी डॉलर काढून घ्यायचा प्रयत्न केला. धावलं मात्र जवळजवळ कुणीच नाही. लोक बसल्या जागी फोनवर बोट फिरवत होते. पाय गेले, शब्द राहिला.

नाटकाचा ‘रन’ ही आणखी एका पद्धतीची खूण. अॅगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ रोजी सुरू झालं आणि मार्च २०२० मध्ये करोनानं दारं बंद करेपर्यंत चालत राहिलं. मे २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं. या मुक्कामाला ‘रन’ म्हणतात, कारण एक नाट्यगृह एका नाटकाला देऊन टाकलेलं असतं आणि ते तिथे रोज होत राहतं. मराठी व्यावसायिक नाटकाचा संसार असा नाही. सकाळी शिवाजी मंदिरला एक नाटक, दुपारी दुसरं, रात्री तिसरं. उद्या तेच नाटक डोंबिवलीला, परवा कोल्हापूरला. सलग मुक्काम नाही, म्हणून ‘रन’ही नाही. आपण प्रयोग मोजतो. ‘वस्त्रहरण’चे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले, प्रशांत दामले यांनी २०२२ साली साडेबारा हजारावा प्रयोग केला, असं आपण सांगतो. नाटक किती वर्षं चाललं हे आपल्याला दुय्यम वाटतं. सिनेमाचं मात्र लंडनसारखं झालं. मुंबईच्या मराठा मंदिरात १९९५ साली लागलेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ तिथे पंचवीस वर्षांहून अधिक काळ ठाण मांडून बसला. ठाण मांडून बसलेल्यालाही इंग्रजी ‘रन’च म्हणते.

न पळता काढलेल्या धावा

मराठी घरात ‘रन’ शिरला तो क्रिकेटच्या पाठीवर बसून. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये धावांना ‘नॉच’ म्हणत, कारण धावा लिहून ठेवत नसत. गुणलेखक एका काठीवर चाकूनं खाच पाडत असे. पुढे कागद आला, काठी गेली आणि खाचेची जागा ‘रन’नं घेतली. दोन्ही फलंदाजांनी बावीस यार्डांची जागा पळून बदलली की एक रन, इतका तो अर्थ सरळ होता. सीमारेषा आली आणि तो वाकडा झाला. आता चेंडू रेषेपार गेला की चार रन, पण पळायचं नाही.

डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ पर्यंत पोहोचले. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम नऊ धावांवर असताना राजकोटच्या ठाकूरसाहेबांच्या संघानं पुढे खेळायला नकार दिला आणि ती खेळी तिथेच थांबली. तिच्यात ४९ चौकार आणि एक षटकार होता. हिशेब केला तर ४४३ पैकी २०२ ‘रन’ निंबाळकरांनी एक पाऊलही न धावता काढल्या होत्या. ६४५ अर्थांचं सगळं मर्म या हिशेबात आहे. क्रिया नाहीशी होते, तिची मोजणी राहते.

मराठीनं इथे ‘धाव’ हा शब्द पुढे केला आणि तो टिकला, याचं बरंचसं श्रेय वर्तमानपत्रांना आणि बाळ ज. पंडितांसारख्या आकाशवाणीवरच्या समालोचकांना आहे. ‘रन आउट’ला ‘धावचीत’ करताना तर कुस्तीच्या हौद्यातला ‘चीत’ थेट खेळपट्टीवर आणला गेला. शेवटच्या षटकात वीस धावा हव्या असल्या की फलंदाज धावा करायच्या प्रयत्नात असतो आणि घराघरांत देवाचा धावा सुरू होतो, ही गंमत इंग्रजीला साधलेली नाही.

‘रन’चे इतर काही अर्थ मराठीत सोयीपुरते आले. विमानाच्या ‘रनवे’ला धावपट्टी मिळाली. जानेवारी २०२१ मध्ये करोना लसीकरणाआधी पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबार इथे पूर्वतयारीची चाचणी झाली, तेव्हा एका वर्तमानपत्रानं ‘ड्राय रन’ लिहिलं तर दुसऱ्यानं ‘रंगीत तालीम’. नाटकवेड्या भाषेनं लसीकरणालाही पडदा आणि प्रकाशयोजना दिली.

इंग्रज धावतो तिथे आपण चालतो

‘रन’चं भाषांतर करताना नवखा भाषांतरकार ‘धावणे’ घेऊन बसतो आणि फसतो. कारण मराठीत हे काम बहुतेक ठिकाणी ‘चालणे’ करतं. घड्याळ चालतं, पंखा चालतो, दुकान चालतं, खटला चालतो, सरकार चालतं, नाटक चालतं, घर चालतं. जे इंग्रजीत ‘रनिंग’ ते आपल्याकडे ‘चालू’. आणि आपलं चालणं तर इंग्रजीच्या धावण्याच्याही पुढे गेलं आहे: जुनी नोट चालत नाही, उपासाला साबुदाणा चालतो, भिडस्त पाहुण्याला ‘काहीही चालेल’ म्हणावं लागतं, आणि बँकेतलं चालू खातं व गल्लीतला चालू माणूस यांचा एकमेकांशी संबंध नसतो.

धावणे आणि पळणे हे शब्द आपण जपून वापरतो. ‘धाव’मध्ये तळमळ आहे, मदतीला धावतात, हाकेला धावतात. ‘पळ’मध्ये भीती किंवा चोरी आहे. ‘दुकान पळवलं’ म्हटलं तर पोलिसांना बोलवावं लागेल. वाहण्याचे अर्थ आपण ‘वाहणे’कडे ठेवले, रस्त्याचे आणि रंगाचे ‘जाणे’कडे: रस्ता नदीकाठानं जातो, साडीचा रंग जातो. इंग्रजीनं एका शब्दावर लादलेला भार मराठीनं चौघांत वाटून दिला. म्हणून आपल्या एकाही क्रियापदावर ६४५ अर्थांचं ओझं आलेलं दिसत नाही.

तरीही दोन्ही भाषा निघाल्या वेगवेगळ्या वेगानं आणि पोहोचल्या एकाच जागी. एकीनं धावणं निवडलं, दुसरीनं चालणं. पण यंत्राला, संस्थेला, संसाराला लावताना दोघींनी पावलांतली फक्त एक गोष्ट उचलली: एका पावलामागून दुसरं पडत राहणं. वेग दोघींनीही टाकून दिला. चालू राहणं महत्त्वाचं, किती जोरात ते नाही. अनोळखी वाक्यात ‘रन’ भेटला तर आधी हाच प्रश्न विचारावा: इथे काहीतरी चालू राहिलं आहे, की आवरेनासं झालं आहे? या एका प्रश्नानं बहुतेक अर्थांची दारं उघडतात. उरलेल्यांसाठी शेपटी पाहावी.

‘रन कर’

सर्वांत ताजी भरती संगणकाची. सुरुवातीच्या संगणकांवर प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा असे. तो खिडकीत द्यायचा, यंत्रावर त्याची पाळी येई तेव्हा तो एकदा ‘रन’ होई आणि चूक निघाली की पुन्हा रांगेत उभं राहायचं. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी ‘बेसिक’ ही सोपी संगणकभाषा सुरू केली. तीत प्रोग्रॅम लिहून झाला की विद्यार्थ्यानं टंकयंत्रावर तीन अक्षरं उमटवायची, ‘रन’, आणि उत्तर समोर येई. गणिताशी वैर असलेल्या मुलांनीही संगणकाला हा हुकूम दिला. पुढे घरगुती संगणकांबरोबर ‘बेसिक’ जगभर पसरली आणि हा हुकूमही पसरला.

पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत आज हा शब्द मराठी वाक्यांत सर्रास वावरतो. पण तो कसा वावरतो ते कान देऊन ऐकण्यासारखं आहे. कुणी नुसतं ‘कोड रनतो’ म्हणत नाही. ‘कोड रन होतोय’ म्हणतात, किंवा ‘मी कोड रन केला’ म्हणतात. आपणहून चाललं तर ‘होणे’, कुणी चालवलं तर ‘करणे’. धावणारा आणि धाववणारा यांच्यातली जी भिंत इंग्रजीनं शतकांपूर्वी पाडली आणि जिच्या पडझडीतून शेकडो अर्थ निघाले, ती मराठी बोलणाऱ्यानं शब्द उसना घेताघेताच, कुणी न सांगता, पुन्हा बांधून घेतली. शब्द इंग्रजी असला तरी त्याला चालवायचं कसं, हे व्याकरण ज्याचं त्याचं असतं.